गाणं माझं, चेहरा माझा... मग मालक कोण?

‘लास्ट ख्रिसमस’ आणि ‘केअरलेस व्हिस्पर’वाला गोड चेहऱ्याचा पॉपस्टार, एवढीच जॉर्ज मायकलची ओळख तुमच्या डोक्यात असेल तर जरा थांबा. आपल्याच कंपनीला कोर्टात खेचणारा, केस हरूनही सुटलेला आणि कमावलेला पैसा गुपचूप वाटून टाकणारा हा माणूस आपल्या ऑफिसच्या कँटीनमधल्या गप्पांतही फिट्ट बसेल!

नोकरीचं ऑफर लेटर हातात पडलं की आपण आधी काय बघतो? पगाराचा आकडा. मग जॉइनिंगची तारीख. मधली पंधरा पानं कोण वाचतंय? शेवटच्या पानावर सही ठोकायची, घरी फोन करायचा आणि मित्रांना पार्टी द्यायची. बस्स!

मार्च १९८२ मध्ये लंडनच्या आसपास राहणाऱ्या दोन पोरांनी साधारण हेच केलं. एक होता १८ वर्षांचा, दुसरा १९. इनरव्हिजन नावाच्या नव्याकोऱ्या छोट्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांच्यासमोर करार ठेवला आणि दोघांनी सही केली. ॲडव्हान्स मिळाला प्रत्येकी ५०० पाउंड. तोही पुढच्या रॉयल्टीतून वळता होणार होता. शिवाय एक बारीकसं कलम होतं. बारा इंची सिंगल्सवर रॉयल्टी नाही! बारा इंची म्हणजे क्लबमध्ये वाजणाऱ्या त्या मोठ्या, लांबवलेल्या रेकॉर्ड्स. आणि ही पोरं बनवत होती नेमकी नाचायची गाणी. म्हणजे माल खपणार तिथेच यांचा खिसा रिकामा.

यातला १८ वर्षांचा पोरगा म्हणजे जॉर्ज मायकल. पुढची तेरा वर्षं त्याला एकाच प्रश्नानं सोडलं नाही. मी गाणं लिहिलं, मी गायलं, चेहरा माझा, आवाज माझा... मग हे सगळं आहे कुणाचं?

हॉटेलवाल्याचा मुलगा

जॉर्जचं खरं नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायोटू. जन्म २५ जून १९६३, उत्तर लंडनमधला. वडील सायप्रसहून १९५० च्या दशकात लंडनला आले आणि मेहनतीनं स्वतःच्या हॉटेलचे मालक झाले. आई इंग्लिश, लग्नाआधी डान्सर. पोरानं गाण्यात करिअर करायचं म्हटल्यावर वडिलांचं उत्तर काय असेल, हे कुठल्याही मध्यमवर्गीय घरात वाढलेल्याला सांगायची गरज नाही. पोराला बरं गाता येतं, हेच मुळी त्यांना पटत नव्हतं!

१९७५ मध्ये घर शहराबाहेर हलवलं आणि बारा वर्षांचा जॉर्ज बुशी मीड्स शाळेत दाखल झाला. जाडा भिंगाचा चष्मा, गुबगुबीत अंग, लाजरा स्वभाव. ‘या नव्या मुलाकडे कोण लक्ष देईल?’ असं बाईंनी विचारल्यावर वर्गात एक हात वर गेला. तो अँड्र्यू रिजलीचा. देखणा, बिनधास्त, कपड्यांचा शौकीन. जॉर्जला जसं व्हावंसं वाटत होतं, अगदी तसा. त्या वर गेलेल्या हातातूनच पुढे ‘व्हॅम!’ जन्माला आली.

१९८२ च्या ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला होता. तरुण पोरांच्या हाताला काम नव्हतं. अशा काळात व्हॅमनं बेकारीतही मजा करा असं सांगणारं ‘व्हॅम रॅप!’ आणलं. ते सुरुवातीला फार चाललं नाही. पण वर्षाच्या शेवटी ‘यंग गन्स’ घेऊन दोघं बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर झळकले आणि मग मागे वळून बघितलंच नाही. १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘फँटास्टिक’ ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेला. पोस्टर्स घराघरांत लागली. पोरी किंचाळत होत्या. खात्यात मात्र खडखडाट!

मग लागले वकील. इनरव्हिजनशी भांडण झालं आणि १९८४ मध्ये दोघं तिथून सुटून सीबीएसच्या एपिक लेबलकडे आले. पहिल्या सहीचा धडा महागात पडला खरा, पण मिळाला.

बसमध्ये सुचलेलं गाणं

‘केअरलेस व्हिस्पर’ची ती सॅक्सोफोनची धून कुठल्याही लग्नाच्या रिसेप्शनला, कुठल्याही हॉटेलच्या लिफ्टमध्ये ओळखता येते. ती जॉर्जला सुचली १७ व्या वर्षी, बसमध्ये. हे गाणं जॉर्ज आणि अँड्र्यू या दोघांच्या नावावर आहे, हेही लक्षात ठेवा.

या गाण्यासाठी कंपनीनं जॉर्जला अमेरिकेत मसल शोल्सला पाठवलं. प्रोड्यूसर कोण, तर जेरी वेक्सलर! अरीथा फ्रँकलिनची गाजलेली गाणी घडवणारा दिग्गज. विशीतला कुठलाही गायक आयुष्यभर मिरवेल अशी संधी. रेकॉर्डिंग झालं. जॉर्जनं ऐकलं आणि चक्क बाजूला ठेवलं. मनासारखं झालं नव्हतं. लंडनला परत येऊन त्यानं गाणं स्वतः प्रोड्यूस केलं. सॅक्सोफोनसाठी एकामागून एक वादक आले आणि गेले. शेवटी स्टीव्ह ग्रेगरीनं ती ओळ त्याच्या मनातल्यासारखी वाजवली. १९८४ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलं, मग अमेरिकेतही. बिलबोर्डच्या यादीत ते १९८५ चं वर्षातलं सर्वांत मोठं गाणं ठरलं.

‘लास्ट ख्रिसमस’ची गोष्टही भन्नाट आहे. ऐन ऑगस्टमध्ये लंडनच्या स्टुडिओत ख्रिसमसच्या माळा टांगून जॉर्जनं ते रेकॉर्ड केलं. लिहिलं त्यानं, गायलं त्यानं, सगळी वाद्यंही त्यानंच वाजवली. १९८४ च्या डिसेंबरमध्ये ते दोन नंबरवर अडकलं, कारण वर होतं इथिओपियाच्या दुष्काळासाठीचं ‘बँड एड’चं गाणं. गंमत म्हणजे त्या गाण्यातही जॉर्ज गायला होता! व्हॅमनं आपल्या गाण्याची रॉयल्टीही त्याच दुष्काळ निधीला देऊन टाकली.

एप्रिल १९८५ मध्ये व्हॅम चीनला गेली. बीजिंगच्या वर्कर्स जिम्नॅशियममध्ये पाश्चात्त्य पॉपचा असा शो त्याआधी झालाच नव्हता. नाचावं की नुसती टाळी वाजवावी, हे प्रेक्षकांना कळेना आणि पोलीस तर जागेवरून उठू देईनात. या दौऱ्याची डॉक्युमेंटरी लिंडसे अँडरसन या नामवंत ब्रिटिश दिग्दर्शकानं केली. तीही जॉर्जला पसंत पडली नाही. पुन्हा एडिटिंग! विशीत एवढा हट्ट म्हणजे आगाऊपणा वाटेल. पण आपल्या नावानं जे बाहेर जाणार ते आपल्याला पटलंच पाहिजे, यावर तो अडून बसायचा.

२८ जून १९८६ ला वेम्बली स्टेडियमवर ७२ हजार लोकांसमोर व्हॅमनं निरोप घेतला. धंदा तेजीत असताना दुकान बंद! आणि तेही मित्राशी न भांडता.

जॅकेट जाळून टाकलं

ऑक्टोबर १९८७ मध्ये सोलो अल्बम आला, ‘फेथ’. लेदर जॅकेट, गॉगल, दाढीचे खुंट, फाटकी जीन्स आणि गिटार. हा अवतार इतका चालला की जगभरच्या पोरांनी दाढी करणं सोडलं असावं! एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या एक कोटी प्रती खपल्या. त्यातली चार गाणी तिथे एक नंबरवर गेली. १९८९ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. जवळपास सगळी गाणी त्यानं एकट्यानं लिहिलेली, प्रोड्यूसरही तोच. वय वर्षं २५.

इथे कुणीही काय केलं असतं? तोच अवतार, तसाच दुसरा अल्बम. कंपनीचीही तीच अपेक्षा होती. जॉर्जनं मात्र ब्रेक मारला. त्या जॅकेटवाल्या माणसाशी आपलं काही नातं नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं. १९९० च्या ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’च्या कव्हरवर त्याचा फोटोच नाही. तिथे १९४० च्या न्यूयॉर्कमधल्या समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी आहे. ‘प्रेइंग फॉर टाइम’च्या व्हिडिओत पडद्यावर नुसते शब्द. आणि ‘फ्रीडम! ’९०’च्या व्हिडिओत जॉर्जऐवजी नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, सिंडी क्रॉफर्ड, क्रिस्टी टर्लिंग्टन आणि तात्याना पाटित्झ ओठ हलवतात. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, जो पुढे हॉलिवूडमध्ये ‘सेव्हन’ आणि ‘फाइट क्लब’ करणार होता. त्याच व्हिडिओत ‘फेथ’चं ते जगप्रसिद्ध जॅकेट पेटतं. आपलाच ब्रँड जाळायला जिगर लागते राव!

लोकांना हे झेपलं नाही. प्रसिद्धीचा त्रास होतो असं जॉर्ज एका मुलाखतीत बोलला, तर खुद्द फ्रँक सिनात्रानं पेपरात खुलं पत्र लिहून त्याला झापलं. मिळालंय त्याबद्दल आभार मान, असा एकूण सूर. ब्रिटनमध्ये अल्बम मस्त चालला. अमेरिकेत मात्र तो दोन नंबरच्या वर गेला नाही आणि खपात ‘फेथ’च्या पासंगालाही पुरला नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी अल्बमला जोरच लावला नाही, असा जॉर्जचा आरोप होता. कंपनीनं तो साफ नाकारला. दरम्यान, १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स जपानच्या सोनीनं विकत घेतली होती. म्हणजे बॉसही बदलला होता.

मुक्काम पोस्ट हायकोर्ट

बॉसशी पटलं नाही तर आपण काय करतो? पेपर टाकतो, नोटीस पिरियड भरतो, निघतो. रेकॉर्डिंगच्या करारात नोटीस पिरियड नावाची चीजच नव्हती. तिथे हिशोब अल्बम्सचा. कबूल केलेले अल्बम देईपर्यंत गायक बांधलेला. जॉर्जचा करार त्याला २००३ पर्यंत अडकवून ठेवू शकत होता. रेकॉर्डिंगचा खर्च कलाकाराच्या रॉयल्टीतून वसूल व्हायचा, पण रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडेच राहायची. घराचे हप्ते तुम्ही फेडायचे आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा मामला!

१९९२ च्या अखेरीस जॉर्जनं लंडनच्या हायकोर्टात दावा ठोकला. केसचं नाव पानायोटू विरुद्ध सोनी. हा करार पोटापाण्याच्या व्यवसायावर अवाजवी बंधन घालतो, म्हणून तो रद्द करा, ही मागणी. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये सुनावणी सुरू झाली आणि जॉर्ज स्वतः साक्षीला उभा राहिला.

कोट्यधीश गायकाला गुलामगिरी कसली आलीय, असा सवाल तेव्हा अनेकांनी केला. तो अगदीच चुकीचा होता असंही नाही. २१ जून १९९४ ला न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी निकाल दिला आणि जॉर्ज हरला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं. १९८२ चा पोरगा वेगळा. पण १९८८ चा सुधारित करार करताना तू स्टार होतास, तुझ्या बाजूला तज्ज्ञ वकील होते, वाढीव पैसे तू घेतलेस. मग आता अन्याय झाला असं कसं म्हणतोस? थोडक्यात, न वाचता केलेल्या सहीबद्दल सहानुभूती मिळेल. नीट वाचून केलेल्या सहीला पर्याय नाही.

जॉर्ज इरेला पेटला होता. सोनीसाठी नवा अल्बम करणार नाही म्हणजे नाही! शेवटी १९९५ मध्ये तोडगा निघाला तो बाजारात. ड्रीमवर्क्स आणि व्हर्जिन या दोन कंपन्यांनी मिळून त्याला सोनीकडून अक्षरशः सोडवून घेतलं. सुमारे चार कोटी डॉलर मोजले, असं तेव्हा छापून आलं. कोर्टात जे मिळालं नाही ते चेकबुकानं मिळालं. पण ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’नंतरच्या नव्या अल्बमसाठी मधे जवळपास सहा वर्षं गेली. २७ ते ३२. पॉप गायकाच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं. ती कुठल्याच कंपनीनं परत दिली नाहीत.

जे कुणाला सांगता येत नव्हतं

या सहा वर्षांची दुसरी बाजू तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. जानेवारी १९९१ मध्ये ‘रॉक इन रिओ’ फेस्टिव्हलच्या वेळी जॉर्जला ॲन्सेल्मो फेलेप्पा भेटला. ब्राझीलचा तरुण डिझायनर. जॉर्ज पहिल्यांदाच मनापासून प्रेमात पडला होता. काही महिन्यांतच ॲन्सेल्मोला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्या काळात त्यावर धड औषध नव्हतं.

२० एप्रिल १९९२. वेम्बलीवर फ्रेडी मर्क्युरीच्या आठवणीसाठी कॉन्सर्ट. हाच फ्रेडी, जो शाळकरी वयात आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये पियानो बडवायचा आणि १९९१ मध्ये एड्सनं गेला. जॉर्जनं त्या दिवशी ‘समबडी टू लव्ह’ असं काही गायलं की स्टेडियम हादरलं. आजही ‘क्वीन’चे चाहते त्या परफॉर्मन्सचं नाव काढतात. ज्या आजारानं फ्रेडी गेला तोच आपल्या माणसाला झालाय, हे स्टेजवरच्या जॉर्जला माहीत होतं. आणि ते तो जाहीरपणे कुणालाच सांगू शकत नव्हता. १९९३ मध्ये ॲन्सेल्मो गेला. आपण गे आहोत हे जॉर्जनं त्यानंतर आईवडिलांना पत्र लिहून सांगितलं.

जानेवारी १९९६ मध्ये आलेलं ‘जीझस टू अ चाइल्ड’ हे ॲन्सेल्मोसाठीचं गाणं. ते थेट एक नंबरवर गेलं. त्यामागोमागचा ‘ओल्डर’ अल्बम शांत, जॅझच्या अंगानं जाणारा, दुखऱ्या माणसाचा. त्यातली सहा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या तिनात आली! पण १९९७ मध्ये कॅन्सरनं आई गेली आणि जॉर्ज पुन्हा कोसळला.

एप्रिल १९९८ मध्ये जे स्वतःहून जगाला सांगायचं राहिलं होतं ते भलत्याच मार्गानं बाहेर आलं. बेव्हर्ली हिल्समधल्या एका बागेच्या स्वच्छतागृहात साध्या वेशातल्या पोलिसानं त्याला अश्लील वर्तनाच्या आरोपाखाली पकडलं. ८१० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा आणि जगभर हेडलाइन्स. दुसरा कुणी असता तर वर्षभर तोंड लपवून बसला असता. जॉर्ज काही दिवसांत सीएनएनवर आला, आपण गे असल्याचं सरळ सांगून मोकळा झाला आणि वर्ष संपायच्या आत त्याच प्रकरणाची टर उडवणारा ‘आउटसाइड’चा व्हिडिओ घेऊन आला. त्यात पोलिसाच्या गणवेशात नाचणारा दुसरा-तिसरा कुणी नसून तोच! ज्या गोष्टीवरून लोक त्याला हसणार होते, ती त्यानं आधी स्वतःच्या ताब्यात घेतली.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. २००४ चा ‘पेशन्स’ अल्बम निघाला तो, विश्वास ठेवा, सोनीकडूनच! इतकं भांडून माणूस तिथेच परत आला. पण यावेळी स्वतःच्या पायांनी. यापुढे गाणी इंटरनेटवर फुकट देईन, असंही त्यानं तेव्हा जाहीर केलं. तो बेत तडीला गेला नाही. जून २००७ मध्ये नव्या वेम्बली स्टेडियमवर पहिली कॉन्सर्ट करण्याचा मान त्याला मिळाला. २०१० मध्ये मात्र गांजाच्या अमलाखाली गाडी दुकानात घुसवल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. शिक्षा आठ आठवड्यांची, चार भोगली. २०११ मध्ये व्हिएन्नात न्यूमोनियानं तो मरणाच्या दारात जाऊन आला. बरा झाल्यावर २०१२ मध्ये त्याच शहरात कॉन्सर्ट केली आणि जीव वाचवणाऱ्या हॉस्पिटलच्या स्टाफला आवर्जून बोलावलं.

एक गुपित मात्र टिकलं

२५ डिसेंबर २०१६. ऐन ख्रिसमसच्या दिवशी, थेम्सकाठच्या गोरिंग गावातल्या घरी, ५३ व्या वर्षी जॉर्ज गेला. कारण हृदयविकार.

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. ‘जीझस टू अ चाइल्ड’ची रॉयल्टी लहान मुलांसाठीच्या ‘चाइल्डलाइन’ या हेल्पलाइनला जात होती, हे संस्थापक एस्थर रँट्झन यांनी सांगितलं. एका टीव्ही शोमध्ये एका बाईनं आयव्हीएफसाठी १५ हजार पाउंड हवेत असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी जॉर्जनं गुपचूप फोन करून ते पैसे दिले. बेघरांच्या निवाऱ्यात तो कामाला यायचा आणि कुणाला सांगू नका म्हणायचा, असं तिथे काम केलेल्या एका व्यक्तीनं सांगितलं. आईची सेवा केलेल्या नर्सेसची आठवण ठेवून २००६ मध्ये त्यानं लंडनला नर्सेससाठी फुकट कॉन्सर्ट केली होती, ती तेवढी आधीपासून माहीत होती.

कंपनीनं त्याची गाणी स्वतःकडे ठेवली. पेपरवाल्यांनी त्याचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणलं. त्यानं दिलेल्या पैशांचा मात्र जिवंतपणी कुणाला फारसा पत्ता लागला नाही. ज्यांना मिळाले तेही बहुतेक गप्प राहिले.

आणि ते ऑगस्टमध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं? १ जानेवारी २०२१ ला, म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी, ‘लास्ट ख्रिसमस’ ब्रिटनमध्ये पहिल्यांदा एक नंबरवर गेलं. २०२३ आणि २०२४ मध्ये तर ते ख्रिसमसचं एक नंबरचं गाणंही ठरलं. २०२३ मध्येच जॉर्जचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलं. अँड्र्यू रिजली मित्राच्या वतीनं तिथे हजर होता. वर्गात वर झालेला तो हात शेवटपर्यंत खाली आला नाही.

प्लेलिस्टमध्ये हवंच!

एव्हरीथिंग शी वाँट्स (१९८४): उडत्या चालीत संसाराच्या खर्चाचं टेन्शन. ईएमआय असलेल्यांनी जरूर ऐकावं.

वन मोअर ट्राय (१९८७): रात्री उशिरा, दिवे बंद करून.

प्रेइंग फॉर टाइम (१९९०): सकाळी पेपर वाचून डोकं उठलं की.

जीझस टू अ चाइल्ड (१९९६): आपलं माणूस गमावलेल्यांसाठी. सोबतीला कुणी नसलं तरी चालेल.

फ्रीडम! ’९० (१९९०): राजीनामा टाइप करताना. पण सेंड दाबण्याआधी करार एकदा नीट वाचा!